ट्रकला पाजलेलं पाणी

"माझंच चुकलं" म्हणायची सवय स्नेहलताला लग्नानंतर लागली. आमटी खारट झाली, दूध उतू गेलं, पाहुणे अवेळी टपकले, काहीही झालं तरी ती आधी हे दोन शब्द टाकून मोकळी व्हायची. भांडण जागच्या जागी मिटायचं. त्यात खरं किती आणि खोटं किती, याचा हिशोब सासरी कोणी ठेवत नाही. नवऱ्याच्या, म्हणजे चारुदत्तच्या, नोकरीपायी ती न्यूझीलंडला आली, तेव्हा हिंग-हळदीबरोबर ही सवयही सामानात आली. इंग्रजीत तिचं फक्त "सॉरी, माय फॉल्ट" झालं.

चारुदत्त ट्वायझेलच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. ट्वायझेल म्हणजे धरणांचं गाव. उन्हाळ्यात तिथली निळी तळी बघायला लोक लांबून येतात. जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नळ गोठतात आणि माणसं दारं लावून बसतात. चारुदत्त कामावर, मुलगा आरव शाळेत आणि पुण्यात कॉलेजात शिकवणारी ही बाई हीटरसमोर पाय शेकत बसलेली. शेजारच्या क्लाइव्हने हाक मारली नसती, तर पहिल्याच हिवाळ्यात ती परतीचं तिकीट काढून मोकळी झाली असती.

क्लाइव्ह ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा, तरुणपणी सैन्यात ड्रायव्हर. त्याच्या अंगणात एक जुना लष्करी ट्रक होता, हिरवा, डिझेलचा. बर्फात कोणाची गाडी रुतली की लोक क्लाइव्हला फोन करायचे. पण कडक थंडीत तो ट्रक सुरू करायचा म्हणजे एक अनुष्ठानच. रात्री दोन्ही बॅटऱ्या काढून स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवायच्या आणि बॉनेटवर जुनी ब्लँकेट्स पांघरायची. सकाळी बॅटऱ्या जोडून आधी एक बटण दाबायचं; त्याने इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवर एक छोटी ज्योत पेटते. ती हवा तापवेपर्यंत गप्प बसायचं. घाई केली की बॅटरी बसली आणि तो दिवसही बसला. मग स्टार्टर. ट्रक आधी खोकायचा, पांढरा धूर ओकायचा आणि नाइलाज झाल्यासारखा सुरू व्हायचा.

स्नेहलता यात रमली, कारण तिचे वडील राजाराम यांचा वाईला मालट्रक होता. पसरणीचा घाट चढून गेलं की वडील फडकं टाकून रेडिएटरचं झाकण उघडायचे आणि छोटी स्नेहलता डबाभर पाणी ओतायची. "आधी गाडीला पाणी, मग ड्रायव्हरला चहा," असं ते म्हणायचे. ट्वायझेलमध्ये ती कोणाची तरी बायको किंवा कोणाची तरी आई होती. क्लाइव्ह मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही माझी को-ड्रायव्हर." हे ऐकायला ती रोज काहीतरी निमित्त काढून कुंपणापलीकडे जायची.

क्लाइव्ह अलीकडे विसरायला लागला होता. एकदा फाटक उघडं राहून त्याचा कुत्रा रस्त्यावर गेला. म्हाताऱ्याचा चेहरा पडलेला बघून स्नेहलता चटकन म्हणाली, "सॉरी, माय फॉल्ट. मीच उघडं टाकलं." दुधाचं पातेलं करपलं, तेव्हाही स्टोव्ह तिनेच चालू ठेवला होता म्हणे. क्लाइव्हची मुलगी लिनेट टिमारू शहरातून दर रविवारी फोन करून म्हणायची, "बाबा, आता घर सोडा, इथल्या वृद्धाश्रमात या." त्यामुळे असं एकेक खोटं बोलताना स्नेहलताला वाटायचं, आपण म्हाताऱ्याचं घर राखतो आहोत.

मे महिन्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी क्लाइव्ह लिनेटकडे गेला आणि ट्रकची किल्ली स्नेहलताकडे देऊन गेला. आठवड्यातून एकदा सुरू कर, एवढंच म्हणाला. तिने एकही आठवडा चुकवला नाही. रेडिएटर पाझरत होता. प्रत्येक वेळी पाणी खाली गेलेलं दिसायचं आणि ती नळाचं पाणी डब्याने भरून ओतायची. वडिलांची आठवण यायची, डोळे भरायचे, बरंही वाटायचं.

तिकडच्या थंडीत रेडिएटरला नुसतं पाणी चालत नाही. न गोठणारं हिरवं अँटीफ्रीज त्यात मिसळावं लागतं. क्लाइव्हने ते एप्रिलमध्येच घातलं होतं. पण हिरवं थेंबाथेंबाने गळत गेलं आणि त्याच्या जागी स्नेहलताचं पाणी येत गेलं. वाईच्या पोरीला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिला विचारावंसंही वाटलं नाही.

क्लाइव्ह परतला आणि जुलैत हिवाळ्यातली सगळ्यात वाईट सकाळ उजाडली. दोघांनी बॅटऱ्या जोडल्या, ज्योतीसाठी थांबले. स्टार्टर नुसता कण्हला. इंजिन जागचं हलेना. क्लाइव्ह वाकून बघायला लागला, तर इंजिनाच्या लोखंडी अंगाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि चिरेतून बर्फ डोकावत होता.

दुपारी गॅरेजवाला आला. रेडिएटरचा खालचा नळ तापवून त्याने थोडं पाणी काढलं, बोटावर घेतलं आणि म्हणाला, "हे जवळजवळ नुसतं पाणीच आहे. कोणी भरलं?"

"कोण भरणार? मीच," क्लाइव्ह म्हणाला. मग स्नेहलताकडे वळला. "पण मी अँटीफ्रीज घातलं होतं. घातलं होतं ना?"

शिऱ्याची वाटी हातात घेऊन ती उभी होती. त्याच क्षणी तिला सगळं कळलं. न केलेल्या चुका लग्नापासून पटापट कबूल करणाऱ्या बाईच्या तोंडून केलेली चूक काही निघेना. को-ड्रायव्हर हा शब्द तिला सोडवेना. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

रात्री तिने चारुदत्तला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ब्लॉक क्रॅक झालाय. तू सांगितल्याने तो जुळणार आहे का? म्हातारा ऑलरेडी अपसेट आहे, उगाच कशाला?" नवऱ्याचे असे सल्ले ऐकायला फार सोयीचे असतात, म्हणून तिने तो ऐकला. पण शेजारच्या खिडकीत दिवा दिसला की ती आपला पडदा ओढून घ्यायची. कुंपणापलीकडे जाणं तिने बंद केलं.

मग एका सकाळी लिनेटची गाडी दारात उभी राहिली आणि घरातून खोकी बाहेर यायला लागली. स्नेहलता स्लिपरवरच धावली. क्लाइव्ह ओट्यावर कोट घालून बसला होता.

"जातोय मी," तो म्हणाला. "लिनेटचं बरोबर होतं. फाटक, पातेलं, ते सगळं चालून गेलं असतं. पण आर्मीत अँटीफ्रीज विसरणाऱ्याच्या हातून ट्रक काढून घ्यायचे. मी स्वतः एका पोराचा काढून घेतला होता. आता माझा मीच काढून घेतला."

"तुम्ही विसरला नाहीत," ती म्हणाली. "मे महिन्यात मी पाणी ओतलं. दर आठवड्याला, डब्याने. मला माहीत नव्हतं. माझंच चुकलं." शेवटचे दोन शब्द मराठीत निघाले. मग तिने ते इंग्रजीत म्हटले.

क्लाइव्हने तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं की तिला धडकीच भरली. "फाटक तू उघडं टाकलं होतंस. पातेलं तू करपवलंस. आणि आता इंजिनही तूच फोडलंस का?"

"हे खरं आहे. ते सगळं खोटं होतं, पण हे खरं आहे." ती अंगणातल्या त्याच्या शेडमध्ये पळाली आणि अँटीफ्रीजचा रिकामा डबा घेऊन आली. "बघा, सगळं संपलंय. तुम्ही घातलं होतंत."

त्याने डबा उलटसुलट करून पाहिला. "कुठल्या सालचा आहे कोण जाणे," असं म्हणून त्याने तो खाली ठेवला. लिनेट मागून आली, तिने स्नेहलताला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बाबा म्हणालेच होते, ती दोष स्वतःवर घेईल म्हणून. थँक यू." स्नेहलता रडायला लागली, पण रडणाऱ्या बाईचं तर त्या दोघांना आणखीच कौतुक वाटलं. आपण केलेलं पाप लोकांच्या कौतुकाखाली गाडलं जातंय, हे ती उघड्या डोळ्यांनी बघत होती आणि तिच्याजवळ तिसरा शब्द नव्हता.

गाडी सुरू झाली. फाटकाशी क्लाइव्हने काच खाली करायला लावली, हात बाहेर काढला आणि ट्रकची किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

"कधीतरी दुसरं इंजिन मिळेल त्याला," तो म्हणाला. "तेव्हा पाणी स्वतः तपासत जा. माझ्यासारखं करू नकोस."

"हो," ती म्हणाली.