कोरडी गाठ

“गाठ तू मार,” ऑरिन म्हणाला आणि गळाला बांधायच्या बारीक तंगुसाचं टोक त्याने माझ्यापुढे धरलं.

टोक थरथरत होतं. वाऱ्याने नव्हे, वारा पडलेलाच होता. गेल्या दोन वर्षांपासून ऑरिनचे हातच असे हलायचे. एक एप्रिलची सकाळ, सातला पाच मिनिटं कमी. टॅनरकिल ओढ्यावरच्या पुलाखालच्या डोहात आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उभे होतो. मागे काठावर सगळा गाव कॉफीचे पेले धरून पाय आपटत उभा होता.

“पर्सीला सांग ना,” मी म्हणालो. “समितीचा अध्यक्ष आहे तो.”

“पर्सीची गाठ? अरे, त्याच्या बुटांच्या नाड्या त्याची बायको बांधते. तू मार. तुझ्या हातची सुटत नाही.”

मी टोक हातात घेतलं.

आमच्याकडे ट्राउट माशाचा मोसम एक एप्रिलला उघडतो आणि त्या दिवशी पहिली फेक झाल्याशिवाय गावातलं कुणी पाण्यात गळ टाकत नाही. पहिली फेक कुणाची, हे समिती जानेवारीत ठरवते. ज्याला मिळेल त्याचं नाव पर्सीच्या दुकानातल्या लाकडी फळीवर रंगवतात. मिळतं ते एवढंच. पण त्या फळीवर माझे वडील आहेत, माझा मोठा भाऊ आहे, ज्याला धड दोर फेकता येत नव्हता असा एक पाद्रीसुद्धा आहे. मी सहासष्ट वर्षांचा झालो होतो आणि दर जानेवारीत टेलिफोन वाजला की हातातलं काम टाकून मीच धावायचो.

त्या जानेवारीत टेलिफोन वाजलाच नाही. मी रस्ते खात्याची बर्फ काढायची गाडी घेऊन निघालो होतो. दुकानापुढे पर्सीने हात करून थांबवलं. खिडकीशी येऊन म्हणाला, “ऐकलंस का? ऑरिनला दिली!” मला आनंदच होणार अशी त्याची खात्री होती. लहानपणापासूनचे मित्र ना आम्ही. मी “वा, वा” म्हणालो, काच वर केली आणि पुढच्या तीन मैलांत लोकांच्या रस्त्याकडेच्या दोन टपालपेट्या आडव्या केल्या.

खरं सांगायचं तर ऑरिनवर जळण्यात माझी हयात गेली. तो उंच, मी बुटका. त्याचा दोर पाण्यावर पडायचा तो आवाज न करता, माझा पडला की दोन बदकं उडायची. मी एकतीस हिवाळे बर्फाळ रस्त्यांवर टाकायची मिठाची आणि वाळूची पोती उपसली. तो शहरातल्या वकील-डॉक्टरांना मासे दाखवत नदीवर हिंडला आणि त्याचे फोटो दुकानाच्या भिंतीवर लागले. सत्तरीला टेकला तरी त्याचे केससुद्धा गेले नाहीत. पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आली नाही ती एक माशी.

आमच्या या धंद्यात गळाला किडा लावत नाहीत. गळावर पिसं, लोकर, रेशमी दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात आणि खऱ्या माशाला फसवतात. मी हिवाळाभर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून माश्या बांधतो. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी एक नवी बांधली. पोटाला वुडचक नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची लव, गळ्याशी तित्तिराचं एकच पीस, आणि खाली कुणाला दिसणार नाही असे तांबड्या दोऱ्याचे दोन वेढे. तीन बांधल्या आणि तिन्ही ऑरिनला दिल्या. त्याने त्यांतल्या एकीवर याच पुलाखाली तेवीस इंची तपकिरी ट्राउट काढला. पर्सीच्या काउंटरवर मासा आपटला. पर्सीने विचारलं, “कशावर?” ऑरिनने टोपीवरची माशी काढून दाखवली. पर्सीने तिघींतली एक नमुना म्हणून मागून घेतली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘ऑरिनची तपकिरी.’

ऑरिनने त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. तो मासा दाखवण्यात गुंग होता. मी तिथेच, स्टोव्हजवळ उभा होतो. मीही बोलू शकलो असतो. पण मी का बोलावं? त्याने बोलायला हवं होतं. एक आठवडा गेला, एक मोसम गेला, आणि मग ती गोष्ट काढणंच हलकटपणाचं वाटायला लागलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात पर्सीसाठी मीच त्या डझनांनी बांधतो. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, “सहा ऑरिन द्या.” पर्सी माझ्याकडे बघून डोळा मारतो, कारण त्याला वाटतं मी नुसता कारागीर आहे.

आज ऑरिनने टोपीवरून उतरवून माझ्या तळहातावर ठेवली ती तीच माशी होती. जुनी, पिसं झडलेली. उलटी करून बघितली तर तांबडे दोन वेढे होते. पहिल्या तिघींपैकी एक.

“ही अजून आहे तुझ्याकडे?” मी विचारलं.

“आहे की,” तो म्हणाला. आणखी काही बोलायला त्याने ओठ हलवले, पण आजार झाल्यापासून त्याचे शब्द अडकायचे. तेवढ्यात पर्सी काठावरून ओरडला, “दोन मिनिटं राहिली रे म्हाताऱ्यांनो!” आणि सगळे हसले.

तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवला, पाच वेढे घेतले, टोक मागे आणून खालच्या फासातून काढलं. आता गाठ आवळायची. आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची असते. कोरडी आवळली तर तंगूस आपल्याच घर्षणाने भाजतो, वेढे नीट बसत नाहीत; वरून गाठ चांगली दिसते, पण जोर पडला की सुटते. हे आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. मी ही गाठ साठ वर्षं मारतोय.

विसरलो असं म्हणायला मला आवडेल. पण मी ती गाठ तोंडाजवळ नेली आणि तिथून परत आणली. मनात म्हटलं, या थंडीत पहिल्या फेकीला मासा लागतो कुठे? कित्येक वर्षांत कुणाला लागला नाही. काय बिघडणार आहे? आणि त्याच्याही खाली, तांबड्या वेढ्यांसारखं कुणाला दिसणार नाही असं दुसरंच काही होतं. लागला तर लागू दे, आणि जाऊ दे. कोरडीच आवळली. टोक कापलं.

“झाली,” मी म्हणालो.

ऑरिनने ती ओढून बघितली नाही. दुसऱ्या कुणाची असती तर बघितली असती.

चर्चची घंटा वाजली. ऑरिनने काठी उचलली आणि काय सांगू, दोर फेकायची वेळ आली तसे ते हात हलायचे थांबले. थरथर कुठे गेली कोण जाणे. दोर मागे गेला, सरळ झाला, पुढे आला आणि पलीकडच्या खडकाच्या सावलीत पडला. बदकं जागची हलली नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तीळपापड झाला. आजारी माणसाचा हेवा करणारा माणूस कसा दिसतो हे त्या क्षणी कुणी माझ्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं.

माशी प्रवाहाबरोबर वळली, आणि दोर थांबला.

काठी वाकली. काठावर आधी कुणाला कळलंच नाही. मग विनी, ऑरिनची बायको, किंचाळली, “अगं बाई, लागलाय!” वर्तमानपत्राची पोरगी कॅमेरा घेऊन बुटांसकट पाण्यात शिरली. मासा एकदा वर आला, पिवळं पोट दाखवून बुडाला. तेवीस इंचांच्या वरचा होता, हे मी शपथेवर सांगतो. मी हातजाळं घेऊन दोन पावलं पुढे गेलो. त्या दोन पावलांत मी देवाला काय काय कबूल केलं! गाठ राहू दे, एवढीच राहू दे.

काठी सरळ झाली.

ओळखीचाच आवाज काठावर उठला, सगळ्या गावाचा एकदम सुटलेला सुस्कारा. ऑरिनने दोर गोळा केला आणि टोक हातात घेतलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं. तंगूस तुटला असता तर टोक सरळ राहिलं असतं. हे टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. ती एकाच गोष्टीची खूण असते. गाठ सुटली होती.

वर्तमानपत्राची पोरगी जवळ आली. “काय झालं, मिस्टर डेकर?”

ऑरिनने ती शेपटी दातांनी कुरतडून तोडली आणि खिशात टाकली. “मी घाई केली,” तो अडखळत म्हणाला. “ओ...ओढला जोरात. म्हातारपण.”

“काही सांगायचं होतं म्हणाला होतात ना? मासा मिळाला तर?”

“मिळाला कुठे?” तो म्हणाला.

लोक पांगले, आपापल्या जागा धरायला धावले. मी ऑरिनला कोपराला धरून काठाकडे आणत होतो. पाणी घोट्यावर आल्यावर तो थांबला. माझ्याकडे न बघता, एकेक शब्द नीट जुळवून म्हणाला, “तोंड कोरडं पडलं होतं का रे, एल्डन?”

मी त्याच्या हातातली काठी घेतली. तो “थंडी आहे खरी” म्हणाला आणि काठ चढला.

आठवड्याने विनी आली. हातात ऑरिनची रबरी विजार, छातीपर्यंतची. गावातल्या अशा सगळ्या गळक्या विजारींना ठिगळ मीच लावतो.

“डावा पाय गळतोय,” ती म्हणाली. “त्याला म्हटलं, यंदा कुठे उतरणार आहेस पाण्यात, राहू दे. तर म्हणतो, एल्डनकडे दे. कॉफी ठेव की रे, बघत काय बसलास?”

मी कॉफी ठेवली. काम सुरू करण्याआधी खिसे उलटे करायची मला सवय आहे. छातीच्या खिशातून एक कार्ड निघालं. भिजून वाळलेलं, शाई पसरलेली, पण अक्षरं विनीची आणि मोठाली होती.

“हे राहिलं का तिथेच?” ती म्हणाली. “मीच लिहून दिलं होतं. लोकांपुढे अडकतो ना तो. जानेवारीपासून पाठ करत होता. सकाळी दाढी करताना, जेवताना. मी म्हटलं, मासा नाही मिळाला तरी बोल की. तर म्हणे, नाही, मासा हातात असला तरच लोक ऐकतात, फोटो निघतो, छापून येतं. मोठा हट्टी.”

मी वाचलं. ‘ही माशी माझी नाही. ही एल्डन व्हॅन डाइकने बांधली. नाव चुकून माझं पडलं आणि मी भित्रा, म्हणून गप्प बसलो. पर्सी, ती चिठ्ठी बदल.’

“कॉफी उतू जातेय,” विनी म्हणाली.

मी उठून गॅस बंद केला आणि तिच्याकडे पाठ करून सांडलेली कॉफी पुसत राहिलो.

“तुला माहीत होतं की नाही, त्याला ते इतकं खात होतं?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. ते मात्र खरं होतं. मला वाटायचं, खाणारं काय ते माझ्याच पोटात आहे.

विजारीला दोन ठिगळं लावली, एक पुरलं असतं तरी.

जूनच्या मध्यावर टॅनरकिलचं पाणी तापतं. मग ट्राउटला त्रास द्यायचा नाही, खाली मोठ्या नदीवर बासच्या मागे जायचं. बास म्हणजे ट्राउटवाल्यांच्या लेखी दुसऱ्या पंगतीचा मासा. त्याच्या मोसमाला समिती नाही, घंटा नाही, फळी नाही. त्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी मी माझी होडी ट्रकवर घातली आणि ऑरिनच्या दारात जाऊन भोंगा वाजवला. तो बाहेर येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला. विनीने डब्यात हॅमचे सँडविच दिले आणि मला बोट दाखवून बजावलं, “बुडवू नकोस त्याला.”

मी वल्ही मारत होतो, तो पुढच्या बाकावर उशी टेकून बसला होता. आपल्याच घराच्या ओसरीवर बसावं तसा ऐसपैस. ऊन चढलं होतं. खडकाच्या एका लांब पट्टीपाशी मी नांगर टाकला.

“काय लावू?” मी विचारलं.

“तुझ्याकडे काय आहे?”

मी डबी उघडली. बुचाच्या तुकड्यापासून केलेला, हिरव्या पिसांचा, पाण्यावर गुडगुड करत चालणारा बेडकासारखा एक प्रकार. त्या आठवड्यातच बसवला होता.

त्याने तो बोटांत धरून उलटापालटा केला. “चांगलाय. नाव काय याचं?”

“नाव नाही ठेवलं.”

“मग पर्सीला दाखवताना मी नसेन असं बघ,” ऑरिन म्हणाला आणि हसला. अडीच महिन्यांत तो माझ्यापुढे पहिल्यांदा हसला.

मला बोलायचं होतं. मीही पाठ केलं होतं, वल्ही मारताना, पहाटे ट्रक पुसताना. माझ्याकडे कार्ड नव्हतं. “ऑरिन, त्या दिवशी...” एवढंच निघालं आणि शब्द माझेच अडकले.

“ऊन लागतंय मला,” तो म्हणाला. “गाठ मार.”

त्याने तंगुसाचं टोक पुढे केलं. हात थरथरत होता, टोक उन्हात चमकत हलत होतं. मी ते धरलं, ओवलं, पाच वेढे घेतले. वर बघितलं तर ऑरिनने तोंड नदीकडे वळवलं होतं. काठावर एक बगळा होता, त्याच्याकडे तो बघत होता. मी काय करतो ते त्याला बघायचं नव्हतं.

मी गाठ तोंडात धरली. ओली केली. बाहेर काढली, आणि पुन्हा ओली केली.