तळाशी उतरलेली थंडी

हळूच बोलतेय, कारण मोठ्याने बोलायचं बळ नाही. मी या तळ्यातली मासोळी, वय वर्षं अकरा, अंगाने थोराड आणि स्वभावाने पहिल्यापासून भित्री. काठावर कुणाची सावली हलली तरी माझा जीव खालीवर होतो.

माझ्या बरोबरीची पिल्लं बोटाएवढी झाली तशी जाळीने धरून विकली गेली. मला मालकाने अंडी घालायला मागे ठेवलं. आम्हां चौदा थोरल्या माद्यांवरच त्याचा सगळा धंदा चालतो, आणि त्याचा जीवही तितकाच आमच्यात. आधी आम्हाला खायला घालतो, मग स्वतः जेवतो. मालकीणबाई म्हणतात, एवढी काळजी माझी घेतली असती तर मीही अंगाने भरले असते.

मागच्या उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण आली. ताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. काठावर सरबत पिताना मालकीणबाईंनी सहज विचारलं, पेल्यातला बर्फ वरच का राहतो, बुडला तर? ताईंना तेवढंच हवं होतं. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फ हलका, असं त्यांनी सांगितलं. तो तळ्यावर झाकणासारखा बसतो आणि त्यातल्या त्यात उबदार पाणी तळाशी राहतं. बर्फ बुडत असता तर थरावर थर साचून तळं बुडापासून गोठत वर आलं असतं.

"मग एकही मासा उरला नसता," त्या म्हणाल्या.

ताईंचा धडा सुरू झाला की मालकाचे डोळे मिटतात. त्या दिवशीही तो खुर्चीत घोरत होता. मी मात्र शब्दन् शब्द ऐकला, आणि तेव्हापासून माझ्या पोटात भीती बसली ती बसलीच.

हिवाळ्यात तळं वरून गोठलं. आम्ही सगळ्यांत खोल खळग्यात पोटं टेकून बसलो. या दिवसांत आम्ही खात नाही, फारशा हलत नाही, तळाच्या उबेवर तग धरतो. दरवर्षी मालक काठाजवळ उथळ पाण्यात हवेच्या पंपाची नळी सोडतो, म्हणजे बुडबुड्यांनी बर्फात तिथे भोक उघडं राहतं. यंदा त्याच्या मनात आलं, बिचारे मासे बसतात खोलात आणि हवा काठाला, हा कुठला न्याय? त्याने तळ्याच्या मध्यावर बर्फ फोडला आणि नळी थेट आमच्या खळग्यात सोडली. मायेने हो, अगदी मायेने.

बुडबुडे तळाचं पाणी घेऊन वर जाऊ लागले आणि वरचं गारठलेलं पाणी खाली येऊ लागलं. पहिल्या दिवशी माझी शेपटी बधिर झाली, दुसऱ्या दिवशी कल्ले जड झाले. मला वाटलं, झालं, बर्फ बुडायला लागला. वर बघावं तर तो जागच्या जागी. मग ही थंडी येतेय कुठून? काही सुचेना, आणि भीती आणखी वाढली. तिसऱ्या दिवशी माझी शेजारीण आडवी झाली ती पुन्हा सरळ झालीच नाही.

मालकाला भोकातून तिचं पांढरं पोट दिसलं. हवा कमी पडतेय असं समजून त्याने पंप आणखी वाढवला.

पाचव्या दिवशी त्याने ताईंना बोलावलं. त्यांनी दोरीला बांधून थर्मामीटर खाली सोडला आणि वर काढून बघितला.

"आधी पंप बंद कर," त्या म्हणाल्या. "बर्फ बुडत नाही म्हणून हे मासे जगतात रे. आणि तू वरची थंडी आपल्या हाताने खाली पोचवलीस."

मालकाने धावत जाऊन पंप बंद केला. नळी पुन्हा काठाला गेली. गरम पाणी ओतू का, असं त्याने विचारलं, तर ताईंनी साफ नको म्हटलं. एकदम ऊब मिळाली तर उरल्यासुरल्याही जातील. जमीन सावकाश ऊब देईल, तोवर त्यांना हलवू नकोस, एवढंच त्यांनी बजावलं. किती दिवस लागतील, ते त्यांनाही सांगता येईना.

आम्ही नऊ उरलोय. ऊब येतेय की नाही, बधिर अंगाला काय कळणार! मालक दिवसातून दहादा मधल्या भोकापाशी पालथा पडून खाली बघतो. त्याला राहवत नाही. आत्ताही आलाय, आणि हातात लांब काठी आहे. आम्ही जिवंत आहोत का, हे त्याला ढोसून बघायचंय.

मालक, नका हो. त्या एका धक्क्याने आम्ही सैरावैरा पळू आणि पळण्याएवढं बळ कुणातच नाही. थांबा. ही बघा, मी शेपटी हलवतेय. दिसली ना? पुन्हा हलवायला सांगू नका.