कनसरी नदीत उभी

घांगळी म्हंतात मला. दोन सुके भोपळे, मधी बांबूची काठी, वर तार, टोकाला मोराची पिसं. वय इचारू नका. ज्यानं मला बनवली तो गेला, त्याचा पोर पन गेला. मित्रांनो, आज मी गोड बोलनार नाय. मानसाला एक डोकं असतं, मला दोन भोपळे हायत, आन दोन्ही फिरलेत.

वैशाखरे गावाच्या वरल्या अंगाला आमची वाडी. तितं माझ्या आताच्या धन्याच्या, कोंडूच्या आजानं, मंगळूनं, कुडावरच्या येलाचे भोपळे सुकवले, पोटातल्या बिया काढल्या, रानातलं मेन लावून मला उभी केली. तो बोलायचा, "घांगळी वाजवायला बोटं कोनाचीबी चालतील. बसायला बूड लागतं." खरं हाय. माझं गानं अर्ध्या तासाच्या आत होत नाय.

ते गानं कनसरीचं. कनसरी म्हंजे भाताची आई. भात झोडून झालं, खळ्यावर रास पडली, की घरधनी मला आढ्यावरनं काढतो आन राशीजवळ बसतो. पयले चारी दिशांना हात जोडायचे. मंग कनसरी डोंगरातनं निघते, नदी उतरते, काट्याचं कुंपन ओलांडते, खळ्यावर येते आन राशीवर बसते. ती बसली की पयली टोपली घरात. त्याच्या आधी एक दाना हलवायचा नाय. आन गानं मधीच तोडलं तर बाई जितं हाय तितंच उभी राहते. पाहुनीला बोलावून वाटंत सोडलं तर घरात काय सुख नांदनार?

वरसातनं एकदा मी खाली येते, बाकी दिवस धूर खाते. मंगळूच्या टायमाला म्हसा गावच्या जत्रंत लोक मला बघायला गोळा व्हायचे, म्हातारे कानाला हात लावायचे. मंग मोठे स्पीकर आले, तवा मला कोन इचारतो? उंदरानं एक भोपळा कुरतडला, कोंडूनं मेन लावून बुजवला. सगळं गानं आता एकट्या कोंडूलाच येतं.

अशात यंदा रेडिओवाले आले. मुरबाडला हॉलमधी गान्यांचा कार्यक्रम, रेडिओवर लायव. जुनी रानातली गानी आन शिकल्यासवरल्या पोरांची नवी गानी, दोन्ही एकाच स्टेजवर. त्यांचा आदेश नावाचा मानूस वाडीत आला, पडवीत बसून चा प्याला. कोंडूनं त्याला तीनदा इचारलं, पुरं गानं ना? तीनदा तो बोलला, पुरं, अर्धा तास तुमचाच.

नेमका त्याच दिवशी पाऊस सांगितलेला. भात झोडून रास खळ्यावर पडलेली, ती सांजच्या आत घरात जायला पायजे. कोंडू बोलला, मी जात नाय. त्याच्या बायकोनं, लहानीनं, तोड काढली. तू तिकडं गा, मी रेडिओ राशीवर ठेवते. गानं इकडं येईल, गान्याबरबर बाई येईल, आमी रास उचलू.

म्हातारा झिपरू बिडी इझवून बोलला, "डब्यातनं देवी येते काय गो?"

लहानी बोलली, "तुझा पोर कल्यानवरनं फोनवर बोलतो तवा रडतोस ना? तो खरा, तर बाई का नाय खरी?"

झिपरूनं बिडी परत पेटवली. ठरलं.

सकाळच्या एष्टीनं आमी मुरबाडला. दिसभर कोपऱ्यात बसलो. कोनी माझी पिसं वढून बघितली, कोनी मेनात चिमटा खुपसला. एकच पोरगी इचारून जवळ आली. हर्षाली, शहापूरची, गिटारवर सवताची गानी गानारी. "काका, हात लावू?" बोलली. कोंडूनं मान हलवली.

चार वाजता आमाला बसवलं. कोंडूनं चारी दिशांना हात जोडले, सावकाश तार छेडली. मला ठाव होतं, तिकडं राशीवर रेडिओ हाय, भवती लहानी, झिपरू, सगळी वाडी टोपल्या घेऊन बसलीय. कनसरी डोंगरातनं निघाली. नदीत पाय टाकला. गुडघाभर पानी झालं.

आन आदेश माईक घेऊन मधी घुसला. "वा वा, काय जंगलातला आवाज! जोरदार टाळ्या!"

कोंडूला वाटलं, मानूस खूश झाला, बोलून जाईल. तो वाजवत राहिला. एक पोऱ्या येऊन आमच्या फुडला माईक उचलून गेला तरी वाजवत राहिला. तवा समजलं, आमी कवाचे बंद झालो होतो. रेडिओवर गादीची जाहिरात चालली होती.

मित्रांनो, शिव्या मला पन येतात. तुमी लहान हाय म्हनून गिळते.

जिना उतरतो तवर लहानीचा फोन. "अरे, बाई नदीत उभी हाय आन इकडं गादी इकतायत. घाटावरनं ढग उतरलेत. रास उचलू का?"

"नको गो. बाई पान्यात असताना दाना हलवशील?"

"मंग काय भिजू देऊ?"

कोंडू फोनातच गायला लागला. पन वाडीत रेंज फकस्त टेपाडावर. खळ्यावर जाऊस्तर आवाज तुटायचा. तितं नीट पोचतो तो रेडिओच.

मंग तो आदेशकडं गेला. मला परत बसवा, उरलेलं गातो. आदेश हातातला कार्यक्रमाचा कागद बघत बोलला, दादा, तुमचं छान झालं, उरलेलं पुढच्या वरसाला करू.

"पुढच्या वरसापातूर ती पान्यात उभी राहील काय?" कोंडू बोलला.

आदेश हसला. त्याला वाटलं गंमत केली. खांद्यावर थापटी मारून गेला. ती थापटी मी अजून इसरले नाय. शिवी परवडली. शिवी देनारा निदान मानूस समजून देतो.

मंग कोनाचा सत्कार, मंग ढोलवाले, मंग परत गादी. पाऊन तास गेला. कोंडू मला मांडीवर घेऊन जिन्यापाशी बसलेला, दिलेला वडापाव तसाच. हर्षालीचा नंबर आला. जाता जाता ती थांबली, काय झालं इचारलं. कोंडूनं खाली बघूनच सांगितलं. तिनं गिटार भिंतीला टेकवली, कोंडूच्या दंडाला धरलं आन स्टेजवर नेलं. सवताचा माईक माझ्या भोपळ्यासमोर वाकवला आन त्यातच बोलली, "माझी वीस मिनिटं काकांची. वैशाखऱ्याच्या वाडीत खळ्यावर बसलेल्यांनो, उठू नका. बाई नदीतनं निघतेय."

आदेश खालनं हात हलवायला लागला, बंद करा, बंद करा. आवाजाच्या मशीनवर टोकावडे गावचा भरत नावाचा पोऱ्या होता. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "लायव हाय, साहेब. आता बंद केलं तर तालुका इचारंल. आन माझी पन रास पडलीय खळ्यावर."

कोंडूनं गानं नदीपासून उचललं. बोटांत राग होता, पन तार चुकली नाय. बाई पान्यातनं निघाली, कुंपन ओलांडलं, राशीवर बसली. हर्षालीची गानी त्या दिवशी रेडिओवर वाजली नाय. ती आमच्याबरबर खाली मांडी घालून बसली होती.

लहानीचा फोन आला. ती सांगत गेली. बाई बसली, टोपल्या उचलल्या, अर्धी रास पडवीत नेली, आन पाऊस फुटला. उरलेली खळ्यावरच भिजली. आदेशच्या कागदावर पाऊन तास होता. आमच्या खळ्यावर त्याच पाऊन तासानं अर्धी रास खाल्ली.

आन पुढं काय, तर रेडिओवाले आमचं तेच गानं रोज लावतात. लावायच्या आधी, आमच्या कार्यक्रमातला काळजाला भिडनारा क्षन, असं बोलतात. आमचा राग पन त्यांनी गादीसारखा इकायला काढला.

आठ दिसांनी आदेश पेढे आन फ्रेम केलेला सत्काराचा कागद घेऊन वाडीत आला. परत बोलवायला. कोंडू पडवीतनं उठला नाय. लहानीनं आतनं मूठभर भात आनलं. काळं पडलेलं, मोड आलेलं. त्याच्या हातावर ठेवलं आन बोलली, "हे घरी न्या दादा. तुमच्या गादीखाली ठेवा. रात्री टोचंल तवा आमची आठवन येईल."

तो परत निघाला. जाताना दारात थांबला. कोंडू तवा बोलला, "गानं पायजे तर खळ्यावर या. जिमिनीवर बसा. घड्याळ तिकडंच ठेवून या." येनार का नाय, मला ठाव नाय. आमी वाट बघत नाय.

मी परत आढ्यावर हाय, धूर खात. माझ्या पिसाला लहानीनं राशीत राहिलेलं, मोड आलेलं एक कनीस बांधलंय. मित्रांनो, मला पुसू नका, मला काचंच्या कपाटात ठेवू नका. एवढंच करा. कोनाला गायला बोलावलंत तर बूड टेकून पुरं ऐका. जमत नसंल तर बोलावूच नका. तुमच्या हातातला कागद संपतो, पन कोनीतरी गुडघाभर पान्यात उभं असतं.