तोंड न फिरवता

मैदानावर अकरा बायका गुडघे टेकून ओणव्या झाल्या होत्या आणि पंच शिट्टी ओठांत धरून, ती न वाजवता उभे होते. लेकीला मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या वहिनीला क्षणभर वाटलं, कोणाचा तरी दात पडला. मग कळलं, दात नाही, डोळ्यातली लेन्स पडलीय. आणि ती आपल्या भिंतीची.

भिंत म्हणजे तिची धाकटी नणंद, हँडबॉलच्या संघाची गोलकीपर. हे नाव संघातल्या मैत्रिणींनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की सख्खा भाऊही तिला त्याच नावानं हाक मारायला लागला. सकाळी ती पाणीखात्याच्या कामावर असायची. घरोघरी वाकून, जमिनीतल्या पेटीचं झाकण उचलून मीटरचे आकडे टिपायची. संध्याकाळी गोलात उभी राहायची. चष्म्याचा नंबर साडेपाच. पण सहा-सात मीटरवरून सुटलेला चेंडू थेट तोंडावर येतो, तिथे चष्मा कसा चालणार? म्हणून लेन्स.

लेन्स सापडली. भिंतीनं ती बोटावर घेतली, जिभेला लावून ओली केली आणि डोळ्यात बसवली. शिट्टी वाजली, खेळ पुढे सुरू झाला. वहिनीचं लक्ष मात्र त्या एका डोळ्यावरच राहिलं.

सामना संपल्यावर तिनं नणंदेला जिन्यातच गाठलं. भिंत म्हणाली, सगळ्याच असं करतात, पाणी आणायला वेळ कुठे असतो? वहिनीनं थुंकीत काय काय असतं ते सांगायला सुरुवात केली, तशी भिंतीनं भाचीला तिच्या कडेवरून उचलून घेतलं.

"वहिनी, मी पाणीखात्यात आणि तू काळजीखात्यात. तुझ्या खात्याला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही का गं?"

"नाही," वहिनी म्हणाली. "आणि उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचंय."

खरं तर लेसरनं नंबर घालवायचं भिंतीच्याही मनात वर्षभर घोळत होतं. धाडस होत नव्हतं ते फक्त निवडीमुळे. मुख्य संघाची निवड सात आठवड्यांवर आली होती. ह्याआधी दोनदा ती राखीव म्हणून गेली होती. राखीव म्हणजे गणवेश पूर्ण, खेळ शून्य. पुढची निवड दोन वर्षांनी. तेव्हा ती एकतीसची असेल आणि गुडघे, तिच्याच शब्दांत, एक्काहत्तरचे. आता नाही तर कधीच नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर डोळा काढून दोन पद्धती समजावल्या. एकीत डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर एक पातळ पापुद्रा झाकणासारखा उघडतात, आत लेसर मारतात आणि झाकण परत बसवतात. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं. दुसरीत झाकणबिकण काही नाही. पडद्याचा वरचा नाजूक थरच काढून टाकतात, लेसर मारतात आणि थर आपला आपण पुन्हा भरून येऊ देतात. ह्यात तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर निवळायला काही आठवडे जातात. निदान चार आठवडे तरी चेंडूसमोर उभं राहायचं नाही.

वहिनीनं विचारलं, मग दुसरी पद्धत करतं तरी कोण? बाई म्हणाल्या, ज्यांच्या डोळ्यावर मार बसू शकतो ते. झाकण बसतं चांगलं, पण जोराचा फटका बसला तर सरकू शकतं. शक्यता फार थोडी, पण पुढे कित्येक वर्षं राहते.

भिंतीनं बोटांवर आठवडे मोजले. दोन आठवडे लेन्स बंद, मग डोळ्यांची मापं आणि लगेच शस्त्रक्रिया. त्यानंतर चार आठवडे विश्रांती आणि एक आठवडा सराव. बरोबर सात. ती म्हणाली, दुसरी.

लेन्स दोन आठवडे का बंद, तेही बाईंनी नीट सांगितलं होतं. लेन्समुळे पडद्याचा आकार किंचित बदलतो, तो मूळपदावर यायला वेळ लागतो. लेसर मापाबरहुकूम चालतो. माप चुकलं की सगळंच चुकलं.

भिंतीनं कपाटातला जुना जाड चष्मा काढला आणि तो लावून मीटर टिपू लागली. गोलात संघातली धाकटी गोलकीपर उभी राहू लागली. दहाव्या दिवशी सामन्याच्या तासभर आधी त्या धाकटीचं बोट दारात सापडलं. संघाच्या प्रशिक्षक सरांनी भिंतीला फोन केला. सर काय बोलले ते वहिनीला ऐकू आलं नाही, पण भिंत काय करून आली ते तिला बाथरूममध्ये दिसलं. लेन्सची डबी ओली होती.

बोलायचं ते वहिनीनं रात्रभर मनातल्या मनात बोलून घेतलं.

चौदाव्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. मापं घेणाऱ्या सिस्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं, लेन्स बंद करून किती दिवस झाले? कागदावर चौदाच लिहिलं जाणार होतं, सिस्टरचं पेन त्या रकान्यात टेकलंही होतं. वहिनी नणंदेकडे बघेना, समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. बोट दारात सापडलं ते दुसरीचंच, संघ अडचणीत होता, एकाच सामन्याचा प्रश्न होता, ही सगळी कारणं नणंदेनं दिली असती तर तिलाही ती पटली असती.

"चार," भिंत म्हणाली.

सिस्टरनं आता मान वर केली. आत जाऊन बाईंना विचारून आली. आणखी दहा दिवस थांबायला हवं आणि बाईंचा त्यानंतरचा शस्त्रक्रियेचा दिवस आजपासून दोन आठवड्यांनीच होता. भिंतीनं पुन्हा बोटं मोजली आणि ह्या वेळी मधेच थांबली. निवडीच्या दिवशी शस्त्रक्रियेला जेमतेम तीन आठवडे झालेले असणार होते. आणि लेन्स घालून निवड खेळली तर पुन्हा राखीवच, हे तिनं दोनदा पाहिलं होतं.

मैदानावर सर वाटच बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ह्यात एवढं काय, झाकणवाली पद्धत घे, तीन आठवडे पुष्कळ झाले. आणि ते सरकायचं भय घालतात ते हजारात एखाद्याला. "आजवर तुला साधी लॉटरी तरी लागलीय का? मग हीच कशी लागेल?"

वहिनीलाही पहिल्यांदाच सरांचं म्हणणं पटू लागलं होतं. काळजीखात्यानं सगळे आकडे वाचले होते आणि आकडे सरांच्या बाजूचे होते. दोन वर्षं थांबण्यापेक्षा हजारातली एक शक्यता काय वाईट? तिनं तसं हळूच सुचवूनही पाहिलं.

भिंत चष्मा पुसत उभी होती. चष्म्याशिवाय तिचे डोळे उघडेबोडके आणि लहान मुलीसारखे दिसत.

"सर, मला चेंडू अडवता येतो कारण मी तोंड फिरवत नाही. बाकी माझ्यात काही नाही. ना उंची, ना उडी. डोळ्यात जपायला काही ठेवलं ना, तर एक दिवस मान आपोआप वळेल. मला कळणारही नाही. चेंडूला कळेल."

सर म्हणाले, "मग निवडीचं?"

"धाकटीचं बोट तोवर बरं होईल," भिंत म्हणाली. मग सायकलवर टांग मारून ती कामावर गेली. त्या दिवशी अजून चाळीस घरांचे मीटर बाकी होते.

शस्त्रक्रिया झाली ती दोन डोळ्यांची मिळून पाऊण तासात. खरं काम पुढचे तीन दिवस होतं. वहिनीनं खोलीचे पडदे ओढले, थेंबांच्या बाटल्यांवर वेळा लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि गजर लावून दर वेळेला थेंब घातले. डोळ्यांत वाळू ओतावी तसं होत होतं. भिंत उशीवर डोकं न हलवता उताणी पडून असायची. बंद पापण्यांतून पाणी कानापर्यंत ओघळायचं. ती ना कण्हली ना कुरकुरली. फक्त भाची बाहेर काय करतेय ते आवाजावरून ओळखून सांगायची. आता चमचा आपटतेय. आता खुर्चीखाली गेली. आता गप्प आहे, वहिनी, धाव, गप्प असली की काहीतरी तोंडात घातलेलं असतं. वहिनी धावली, तर खरंच तोंडात बटण होतं. बाळंतपणात आपण किती ओरडलो होतो ते तिला आठवलं आणि हिच्यापुढे आपण कोण, असं तिच्या मनात आलं.

चौथ्या दिवसापासून दुखणं ओसरलं. दिसायचं मात्र धुक्यातून. मग धुकं रोज थोडं थोडं मागे सरकत गेलं. निवडीच्या आदल्या दिवशी भिंतीनं डॉक्टरबाईंना एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, डोळे छान भरतायत, पण चेंडू अजून नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

निवडीला जाऊ नये असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. ती गेली. वहिनी सोबत गेली आणि लेकीला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून लेकही. तिघी सगळ्यात वरच्या बाकावर बसल्या. गोलात धाकटी उभी होती, बोटाला पट्टी बांधून. सरांनी मान वर करून एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

लेक आत्याच्या मांडीवरच झोपली. वहिनी तिला घ्यायला गेली तर भिंतीनं नकारार्थी मान हलवली. तिची नजर मैदानावरून हलत नव्हती. खेळाडू धावत आली, हात उगारला, आणि चेंडू सुटायच्या आत भिंत पुटपुटली, "डावीकडे, खाली." चेंडू डावीकडे खाली गेला. पुढची आली. "उजवा कोपरा." तो उजव्या कोपऱ्यात गेला. "हिचा टप्पा पडणार." टप्पा पडला. वहिनी आधी नुसती ऐकत होती. मग ती मोजू लागली. बारांपैकी अकरा.

"तुला आधीच कसं कळतं?" तिनं विचारलं.

"मनगट दिसतंय," भिंत म्हणाली. "इतकी वर्षं नुसता हात दिसायचा गं."

खाली धाकटीनं एक अवघड चेंडू अडवला, टाळ्या झाल्या, आणि भिंतीनंही वाजवल्या असत्या, पण मांडीवरचं पोर जागं होईल म्हणून तिनं हात अधांतरीच ठेवले. पुढची खेळाडू धावत आली. झोपलेल्या मुलीच्या डोक्यावर, कोणाच्याही लक्षात येणार नाही इतके हळू, ते दोन तळहात डावीकडे सरकले, उघडले आणि थांबले.