हरवलं तर पुस्तकांपाशी

"कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही, पण मला न्यू ऑर्लिन्समध्ये एका खेचरानं वाट दाखवली!"

एवढं बोलून सुभाषकाकांनी रश्श्यात भाकरी बुडवली आणि सावकाश घास घेतला. ऐकणाऱ्याला ताटकळत कसं ठेवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नागपूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी माइकसमोर गेलेली. गाडी लेट झाली की प्रवासी खिडकीवर येऊन भांडायचे, आणि काका त्यांना कारण पुरवायचे. एकदा तर भंडाऱ्याची गाडी रस्त्यात वाघ बसल्यामुळे थांबलीय असं त्यांनी जाहीर केलं. भांडायला आलेले लोक पुन्हा बाकांवर जाऊन बसले आणि गाडी येईपर्यंत वाघाबद्दल बोलत राहिले. गाडी खरं म्हणजे पंक्चर झाली होती.

"खेचरानं? काका, फेकताय यार!" प्रल्हाद हसला. प्रल्हाद काकांच्या मुलाच्या, कुशलच्या ऑफिसातला, पुण्याचा, एकटा राहणारा. आपल्या बायकोनं, उपासनानं, सावजी रस्सा केला की त्याचा वास प्रल्हादला अर्विंग शहराच्या कुठल्याही टोकाला बरोबर येतो, असं कुशल म्हणायचा.

"फेकतोय? विचार तुझ्या काकूला."

कांताकाकू सोफ्यावर बसल्या होत्या. मांडीवर चार महिन्यांची मैत्री. त्यांनी वर पाहिलं नाही. नातीच्या पायातला मोजा त्या काढत होत्या आणि पुन्हा घालत होत्या.

काकांनी नजर पटकन वळवली. आजची थाप वाघाच्या थापेसारखी नव्हती. मागच्या शनिवार-रविवारी सगळे गाडीनं न्यू ऑर्लिन्सला जाऊन आले होते. म्हातारा-म्हातारी दोघंच पायी हिंडायला गेले आणि जेवायच्या वेळेला परत यायचे ते पार दुपार कलल्यावर आले. काकूंचा एक पाय अनवाणी होता. काकांनी हॉटेलच्या दारातच जाहीर केलं, "मी हरवलो होतो!" कुशल रागावला, मग हसला, मग त्यानं बापाला पाणी दिलं.

हरवले काका नव्हते. हरवल्या होत्या काकू.

आणि परवा, सोमवारी, उपासनाची रजा संपत होती. बुधवारी काकांचं विमान. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला नागपूरला जाणं भाग होतं. त्यानंतर सकाळी कुशल-उपासना आपापल्या गाड्या घेऊन निघाले की संध्याकाळपर्यंत या घरात दोघीच, कांताकाकू आणि मैत्री. त्यासाठीच तर काकू एवढ्या लांब आल्या होत्या. डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांनी भरलेली बॅग, आणि "माझी नात मी सांभाळीन" हे त्यांनी नागपुरात गल्लीभर सांगितलेलं.

"बाबा, नीट सुरुवातीपासून सांगा," कुशल म्हणाला. त्याचं ताट रिकामं होतं, पण तो उठत नव्हता. "तुम्ही दर वेळी वेगळं सांगता. आई तर बोलतच नाही."

"सुरुवातीपासून तर सुरुवातीपासून! तूच इंटरनेटवरून कागद छापून दिलास. नकाशा, त्यावर आकडे. गाइड नको, बस नको, आपलं आपण आकड्यामागे आकडा धरून चालायचं. मी म्हटलं, हे तर एसटीचं रूट चार्टच झालं! पहिला आकडा नदीजवळचा चौक. समोर तीन कळसांचं चर्च. चौकात एक माणूस ट्रम्पेट वाजवत होता बाप्पा, एवढे गाल फुगवून, की त्याच्या फुंकरीनं चर्चवरची कबुतरं उलटी उडायला लागली."

प्रल्हादला ठसका लागला. काका खूश झाले. माणूस हसत असला की प्रश्न विचारत नाही.

"मग गल्ल्या. वर लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, त्यात फर्नच्या कुंड्या टांगलेल्या. मी वाचून दाखवतोय, ही मागून येतेय. त्या भागाला फ्रेंच क्वार्टर म्हणतात, पण घरं बरीचशी स्पॅनिशांच्या काळातली. मी हिला म्हटलं, नाव एकाचं, राज्य दुसऱ्याचं, आणि विटा कुणी वाहिल्या असतील ते काही कागदात लिहिलेलं नाही."

"लिहिलं होतं," कांताकाकू म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकू मोज्याकडेच बघत होत्या.

"हो, पुढं होतं," काका घाईनं म्हणाले.  ते पाणी प्यायले.

कारण पुढचा आकडा खरोखरच होता. एका मोठ्या हॉटेलच्या भिंतीत जुन्या इमारतीचे दगड तसेच राहिलेले, आणि कागदावर लिहिलेलं की इथं गुलाम केलेल्या माणसांचा लिलाव व्हायचा. काकांनी एकेक वाक्य मराठी करून सांगितलं. नोकरीतली सवय, सूचना पूर्ण वाचायची. काकूंनी विचारलं, "लेकरंसुद्धा विकायचे? आईपासून तोडून?" काका म्हणाले, "हो, लिहिलंय तसं." काकू भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. काकांनी कागद उलटला, पुढचा आकडा शोधला, रस्त्याचं नाव कोपऱ्यावरच्या पाटीशी ताडून पाहिलं, आणि वळले तेव्हा भिंतीपाशी कुणी नव्हतं.

"तर तिथं," सुभाषकाका आता टेबलावर बोटानं नकाशा काढत म्हणाले, "मी वाचता वाचता चालत सुटलो. कागदात डोकं. एक गल्ली, दुसरी गल्ली. वर पाहतो तर काय? ही नाही! मागं एक खेचर. तिथं खेचरांच्या बग्ग्या असतात. हे खेचर फुलांची टोपी घातलेलं, आणि बग्गीवाल्याचा पत्ता नाही."

"टोपी?" प्रल्हाद.

"टोपी! कानांना भोकं ठेवलेली. ते माझ्याकडं असं बघतंय की जसं म्हणतंय, काय जी, चुकले का?"

"बाबा," कुशल मध्येच म्हणाला, "पण तुम्ही हरवलात, तर नियमाप्रमाणे का नाही गेलात?"

काकांना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. आठ दिवस ते त्याचीच वाट बघत होते.

"कसला नियम?" प्रल्हादनं विचारलं.

"अरे, आमच्या घरचा," कुशल म्हणाला. "दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी जी गर्दी होते ना, तू इमॅजिन करू शकत नाहीस. लाखो लोक. लहानपणी आम्ही दर वर्षी जायचो. आईनं नियम घालून दिला होता, हरवलं तर रडायचं नाही, पोलिसाकडं जायचं नाही, पुस्तकांच्या स्टॉलपाशी जाऊन थांबायचं. तिथं पुस्तकांचे स्टॉलच स्टॉल असतात. आत शिरल्यावर जो पहिला लागेल तो. मी दोनदा हरवलो. दोन्ही वेळा तिथं पुस्तक वाचत उभा होतो आणि आई आली. मुंबईला चैत्यभूमीवर तेच, कुठल्या जत्रेत तेच. आपल्या माणसांची चुकामूक झाली की पुस्तकं शोधायची."

"भारी आहे हे," प्रल्हाद म्हणाला.

"म्हणून विचारतोय. बाबा, त्या चर्चच्या बाजूच्या गल्लीत पुस्तकाचं दुकान होतं. नकाशात होतं. मीच तुम्हाला दाखवलं होतं."

होतं. अरुंद गल्लीत, पिवळ्या भिंतीचं. काका तिथं धावतच गेले होते. मनात भीती नव्हती. नियम कांताचा होता. तिनं तो कधी मोडला नव्हता. दुकानाशी वळताना त्यांनी पहिलं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं, "काय मॅडम, कोणतं पुस्तक घेताय?" आणि दुकानाच्या दारात कुणी नव्हतं. आत एक गोरी बाई होती, काकांनी विचारल्यावर तिनं नकारार्थी मान हलवली. काका उभे राहिले. उन्हात, कागद हातात धरून. येईल, आता येईल. चर्चची घंटा झाली. पुन्हा झाली. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. ती वाट चुकली नव्हती. तिला नियम आठवला नव्हता.

नागपुरात दूध करपायचं, तेव्हा काका म्हणायचे, मीच गॅसवर ठेवून विसरलो. शेजारच्या रत्नाबाईंना काकू दुसऱ्याच नावानं हाक मारायच्या, तेव्हा काकाच त्याची नक्कल करून हसवायचे. विनोद केला की गोष्ट लहान होते, असा त्यांचा अनुभव होता. त्या गल्लीत विनोद सुचेना.

"विसरलो," काका म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय! नियम साफ विसरलो. ही बिचारी नियमाप्रमाणे दुकानापाशी उभी, आणि मी खेचरामागं. ते मला घेऊन गेलं थेट नदीवर. मिसिसिपी! वैनगंगेला दहानं गुणा. तिथं खेचर पाणी प्यायलं, ढेकर दिली, आणि वळून मला बरोबर पुस्तकाच्या दुकानापाशी आणून सोडलं. हिला बघून त्याला इतका आनंद झाला, की हिची चप्पलच खाल्ली!"

प्रल्हाद टेबलावर थाप मारून हसला. कुशलसुद्धा हसला, पण त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. उपासना हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सासूच्या हातांकडे पाहत होती. मोजा निघत होता, पुन्हा चढत होता.

"आईंच्या तळपायाला फोड आले होते," उपासना म्हणाली. "मी हळद लावून दिली. दुकानापाशी उभं राहून फोड येतात का, बाबा?"

"फरशी तापली होती, पोरी. ऑक्टोबरातसुद्धा काय ऊन तिथं!"

खरं तर चपलेचा अंगठा तुटला आणि काकूंनी ती वाटेतच कुठं तरी सोडली. त्यांना ते कळलंही नव्हतं. काकांना त्या सापडल्या नदीकाठी, ट्रामच्या रुळांपलीकडे. त्या एकेका बाकाखाली वाकून बघत होत्या. एक कुटुंब घोळक्यानं बसून साखर भुरभुरलेले भजीसारखे गोळे खात होतं. त्यांच्या बाबागाडीत काकूंनी डोकं घातलं, आणि त्या घरची बाई घाबरून उभी राहिली. काका पळत गेले, "सॉरी, सॉरी" म्हणत काकूंचा हात धरला. काकूंनी त्यांना ओळखलं. ओळखलं, आणि विचारलं, "मी तिला कुठं ठेवलं हो? आत्ता कडेवर होती."

"मैत्री हॉटेलात आहे," काका म्हणाले. "आईजवळ आहे."

"नाही. मी ठेवली कुठं तरी. कुणी नेली तर?"

बाकावर बसवून, पाणी पाजून, बऱ्याच वेळानं त्या भानावर आल्या. मग नुसत्या रडल्या. आणि काकांचं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "कुशलला सांगू नका. मला परत पाठवतील." काकांनी मान डोलावली. ऊन, दगदग, ती लिलावाची भिंत, आपणच नको ते वाचून दाखवलं. एकदाच झालं. पुन्हा होणार नाही. आठ दिवस ते हेच घोकत होते, आणि रोज पहाटे मैत्री रडली की उठून बसत होते.

"काय सॉलिड स्टोरी आहे," प्रल्हाद डोळे पुसत म्हणाला. मग सोफ्याकडे वळला. "पण काकू, कमाल तुमची. काका खेचरामागं, आणि तुम्ही इतका वेळ त्या दुकानापाशी एकट्या! काय केलंत तरी काय?"

मोजा थांबला.

"करणार काय?" काका म्हणाले. "पुस्तकं चाळली. एक चित्रांचं होतं..."

"बाबा, तिला बोलू द्या ना," कुशल म्हणाला. आवाज हळू होता, पण त्यात हसू उरलं नव्हतं. "आई, तू दुकानापाशीच होतीस ना?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. नुसतं "हो" पुरलं असतं. "हो" म्हटलं की प्रल्हाद आणखी भात घेईल, कुशल ताट उचलेल, उपासना सोमवारच्या डब्याचं विचारेल. हो म्हण, कांता. काका मनात म्हणत होते, आणि तेवढ्याच जोरात आतून हेही म्हणत होते, नको म्हणूस.

कांताकाकू उठल्या. मैत्रीचं डोकं हाताच्या कोपरात नीट धरून त्या सावकाश चालत ओट्यापाशी गेल्या आणि बाळ उपासनाच्या हातात दिलं. उपासनाची पकड घट्ट झाल्याचं पाहिलं, मगच आपला हात काढून घेतला.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. "हे नव्हते हरवले. मी हरवले होते. दुकान मला आठवलंच नाही."

"अगं, असं काय करतेस? ते खेचर..." काकांनी माइक हातात असल्यासारखा आवाज चढवला.

"खेचर नव्हतं," कांताकाकू म्हणाल्या. "खोटं बोलू नका आता. कुशल, हे नागपूरला गेले की पोरीला माझ्याजवळ एकटीला ठेवू नका रे."