साठ वडे

त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला शब्द शिकवायचा होता 'ऑब्लिव्हियस'. सुजिन ही माझी कोरियन विद्यार्थिनी. तिचा नवरा आणि माझा नवरा नागेश इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला, एकाच टीममध्ये इंजिनिअर. ती म्हणाली, "आमच्याकडे 'मोरूदा' म्हटलं की झालं. माहीत नाही."

"तेवढ्याने भागत नाही," मी म्हणाले. "इथे गोष्ट डोळ्यांसमोर चाललेली असते आणि त्या माणसाला पत्ताच नसतो. स्वेटर उलटा घालून दिवसभर फिरणारा माणूस घ्या." मला उदाहरणं छान सुचतात, असा माझा समज आहे.

मग तिने स्वतःचं वाक्य केलं. "काल नागेशच्या आउसश्टांडमध्ये माझा नवरा तुमचे वडे खाण्यात इतका रमला, की मीटिंगबद्दल ऑब्लिव्हियस होता."

वाक्य बिनचूक होतं. आउसश्टांड म्हणजे नोकरी सोडणाऱ्याने सहकाऱ्यांना द्यायची निरोपाची पार्टी. मला नागेशने सांगितलं होतं, नवा प्रोजेक्ट मिळालाय, सगळ्यांना तुझ्या हातचे वडे हवेत. पहाटे पाचला उठून साठ तळले होते मी. चटणी जर्मनांना सोसेल अशी, बिनतिखटाची.

"पुण्याला कधी जाणार तुम्ही?" सुजिनने विचारलं.

"लवकरच," मी म्हणाले आणि पुढचा शब्द घेतला.

इथे त्याच्या कंपनीत राजीनामा तीन महिने आधी द्यावा लागतो. तीन महिन्यांपूर्वीच मला भाषाशाळेत कायमची नोकरी लागली होती, सहा वर्षांच्या खटपटीनंतर. त्या संध्याकाळी नागेशने स्वतःच्या हाताने मला पेढा भरवला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी तो आला. मी वड्यांचा रिकामा डबा त्याच्यासमोर ठेवला. "आउसश्टांड कसा झाला?"

बूट काढता काढता तो थांबला. "सांगणारच होतो गं. पण तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीस?"

"आल्झो... म्हणजे असं बघ, पुण्याची पोस्ट खूप मोठी आहे. तुला तिथेही शिकवता येईल."

मला इतका संताप आला होता, की रडूही येईना. अख्ख्या ऑफिसला ठाऊक, सुजिनला ठाऊक. फक्त तळणारीला नाही.

"वडे तरी विकत आणायचे होतेस," मी म्हणाले.

तो वाकून दुसरा बूट काढू लागला. मग हळूच म्हणाला, "तिकिटं काढलीयेत. दोघांची. तीस तारखेची."

"माझं रद्द कर."