रामटेक्यांचे नाक

"वा! हिंगाचा वास काय सुटलाय गं, कमल!"

मोहरी तडतडली आणि वर्तमानपत्राच्या आडून राजानंदांचे हे वाक्य आले. कमलाबाईंचा हात कढईवरच थांबला. हिंगाची डबी गेल्या आठवड्यात रिकामी झाली होती आणि नवी हांबुर्गच्या दुकानातून अजून यायची होती. कढईत नुसते तेल, मोहरी आणि कढीपत्त्याची वाळकी पाने होती.

त्यांनी शेगडी बंद केली, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. कमलाबाई रामटेके अशा समोर बसल्या की समोरच्याने उठायचे नाही, हे त्या घरात कधी बोलून ठरलेले नव्हते. तरीही ते ठरलेले होते.

"अहो, पेपर खाली ठेवा. डोळे मिटा."

"काय झालं?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी कॉफीचा डबा उघडून राजानंदांच्या नाकाखाली धरला. राजानंदांनी श्वास ओढला, पुन्हा ओढला. फ्लेन्सबुर्गच्या बंदरावर ज्या माणसाच्या नाकाची शपथ घेतली जाई, त्याच्या कपाळावर घाम आला.

"लवंग?" ते म्हणाले.

कमलाबाईंनी डब्याचे झाकण लावले. "कधीपासून?"

"फेब्रुवारीत ताप आला होता ना, तेव्हापासून." डोळे अजून मिटलेलेच होते. "डॉक्टर म्हणतात, यायचं असतं तर आतापर्यंत परत आलं असतं."

सप्टेंबर लागला होता.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू स्वयंपाक करतेस तेव्हा मी काहीतरी म्हणतो ना वासाबद्दल? रोज म्हणतो. आज चुकलं."

नागपूरहून केमिकल टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन राजानंद तरुणपणी जर्मनीत आले, ते अत्तराच्या कारखान्यात नोकरी मिळेल या आशेने. मिळाली ती बंदरावरच्या एका जुन्या रमच्या पेढीत. जमैकाहून आलेली रम तिथे लाकडी पिंपांतून वर्षानुवर्षे मुरत ठेवलेली असे आणि कोणत्या पिंपातली कोणत्या पिंपात मिसळायची हे नाकाने ठरवावे लागे. नव्या माणसाचे नाक असे निघाले, की म्हाताऱ्या पारख्यांनी टोप्या काढल्या.

कमलाबाईंनी मात्र बॅग भरली होती. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी वस्तीतल्या मोहाच्या दारूची मडकी स्वतःच्या हाताने फोडली होती. त्या घरची मुलगी रमवाल्याची बायको म्हणून कशी राहणार? शेवटी बॅगेवर बसूनच त्यांनी अट घातली होती: "नाकानं कमवा. घशाखाली थेंब गेला, तर त्या दिवशी मी नागपूरला."

राजानंदांनी ती अट पाळली. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, बादलीत थुंकायचा. दर रविवारी बुद्धमूर्तीसमोर दोघे पंचशील म्हणत, आणि मद्यापासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला कमलाबाईंचा कान नवऱ्याच्या आवाजाकडे लागलेला असे. पेढीत त्यांना 'कोरडा राज' म्हणत. आधी थट्टेने, पुढे मानाने.

आणि आता या शनिवारी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता. पेढीने आपली चार रिकामी पिंपे सीमेपलीकडच्या एका डॅनिश बिअरवाल्याला दिली होती. त्याची काळी बिअर हिवाळाभर त्यांत निजली. मग पिंपे परत आली आणि पुन्हा रमने भरली गेली. बिअरने रमचे काही घेतले, रमने बिअरचे. आता चार रम आणि चार बिअर पाहुण्यांसमोर मांडायच्या, आणि कोणती बिअर कोणत्या रमच्या पिंपात निजली होती हे 'हेर', म्हणजे श्रीयुत, रामटेके नाकाच्या जोरावर सांगणार, असे गावच्या वर्तमानपत्रातही छापून आले होते.

"आजारी आहे म्हणून कळवतो," राजानंद म्हणाले.

"काही कळवायचं नाही. मी येते."

"तू? पेढीत?"

"तुमच्या शेजारी बसेन. वास मी घेईन, कानात सांगेन, तुम्ही जर्मनमध्ये बोला. लोकांना वाटेल, तुम्ही मला समजावून सांगताय. आयुष्यभराचं नाव शेवटच्या दिवशी घालवायचं नाही."

त्या पेढीचा उंबरठा कमलाबाईंनी आजवर ओलांडलेला नव्हता.

शनिवारी गाडी त्यांची मुलगी मैत्री चालवत होती. ती वडिलांच्या निरोपासाठी येना शहराहून रजा काढून आली होती.

"आई, दास इस्ट शुम्मेल्न! चीटिंग आहे हे."

"चीटिंग नाही, संसार आहे. समोर बघ."

"पापा, तुम्ही सरळ सांगून का नाही टाकत? आल्झो, नाक गेलं तर गेलं. फ्लूनं होतं असं."

"तुझी आई म्हणते तसं करतोय मी."

"गेनाऊ," कमलाबाई म्हणाल्या. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा एक जर्मन शब्द त्यांनी आपलासा करून टाकला होता.

पेढीचे तळघर थंड होते. पांढऱ्या कापडाच्या लांब टेबलावर पेले मांडलेले, आकडे तळाला चिकटवलेले. तळघराचे प्रमुख पीटरसन यांनी कमलाबाईंना वाकून अभिवादन केले. "फ्राऊ रामटेके, इतक्या वर्षांनी!" बाजूच्या स्टुलावर काहीतरी गोल, जड, कापडाखाली झाकून ठेवले होते. निरोपाची भेट म्हणून पिंपाचे झाकण असावे, राजानंदांचे नाव कोरलेले. कमलाबाईंना ते बरे वाटले.

रमचा पहिला पेला आला. राजानंदांनी तो हलवला, नाकाशी नेला, मग बायकोपुढे धरला.

"ओल्या नारळाची करवंटी," कमलाबाई पुटपुटल्या. "वर थोडी बडीशेप."

काळ्या बिअरचे चारही पेले त्यांनी एकेक करून हुंगले. जळक्या भाकरीसारख्या कडू वासाच्या आत, तिसऱ्यात, तीच करवंटी होती. त्यांनी बोटाने कापडावर हलकेच खूण केली. राजानंदांनी रमचा घोट घेतला, बिअरचा घेतला, दोन्ही थुंकले. गोड आणि कडू एवढेच त्यांच्या जिभेला उरले होते. मग स्वच्छ जर्मनमध्ये त्यांनी जोडी जाहीर केली. पीटरसननी तळाचे आकडे दाखवले. टाळ्या पडल्या.

"किती प्रेमानं समजावतात बायकोला," मागच्या रांगेत एक बाई म्हणाली. कमलाबाईंना तेवढे जर्मन कळत होते. त्यांनी मान आणखी ताठ केली.

दुसरा पेला. "काळं पडलेलं केळं. आणि खाली नव्या चपलेचं चामडं." दुसरी जोडीही जमली. बिअरवाला लाउरिट्स टेबलावर हात आपटून हसला. आता अवघड काही उरलेच नाही, असे कमलाबाईंच्या मनात आले.

तिसरा पेला त्यांनी नाकाशी नेला आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

"काय आहे?" राजानंदांनी हळूच विचारले.

"मोहाची फुलं." त्यांनी पुन्हा हुंगले. "दारू नाही हो. फुलं. पहाटे वेचून अंगणात वाळत घालायचे ना, ती."

"माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"म्हणून तर हे पिंप मी निवडलं होतं. वर्षातून एकदा बूच काढून बघायचो. उन्हाळा लागला की."

"कधी बोलला नाहीत."

"तुझ्या बाबांनी मडकी फोडलेली. त्या वासानं मला घर आठवतं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

मग त्यांनी पेला कमलाबाईंच्या हातातून घेतला. नाक पेल्यात बुडेल इतके खाली वाकले आणि तसेच राहिले. पाहुण्यांना वाटले, म्हातारा शेवटची पारख किती मन लावून करतो आहे. नवऱ्याच्या कोटाची पाठ एकदा, मग पुन्हा एकदा फुगली आणि रिकामी खाली आली, हे फक्त कमलाबाईंनी पाहिले.

राजानंदांनी पेला खाली ठेवला आणि उभे राहिले.

"माझ्या नाकाला फेब्रुवारीपासून वास येत नाही," ते जर्मनमध्ये म्हणाले. "आज जे सांगितलं, ते माझ्या पत्नीनं सांगितलं. मी फक्त बोललो."

"अहो, बसा खाली," कमलाबाई मराठीत म्हणाल्या.

ते बसले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात असे पहिल्यांदा घडत होते.

पीटरसन टेबलाला वळसा घालून जवळ आले. "फेब्रुवारी?" त्यांनी आवाज खाली आणला होता. "मार्चचं मिश्रण तुम्ही पास केलंय, राज."

"हो."

"कशाच्या जोरावर?"

"आठवणीच्या."

"ते सगळं विकलं गेलंय."

"हो, हेर पीटरसन."

"पण दोन जोड्या तर बरोबर आल्या!" लाउरिट्स म्हणाला. त्याच्या मनात चांगलेच होते. कोणी हसले नाही.

पीटरसननी खिशातून अर्धवट काढलेले भाषण परत आत सारले. "सोमवारी बोलू," एवढेच ते म्हणाले आणि पाहुण्यांना जिन्याकडे घेऊन गेले. वर सॉसेजेस भाजायला घेतली होती. स्टुलावरचे ते झाकलेले झाकण कोणीतरी कापडासकट उचलून नेले. मैत्रीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग ती गाडी दारापाशी आणते म्हणून निघून गेली.

दोघेच उरले.

"दोनच पेले राहिले होते," कमलाबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ गप्प बसवलं नाही तुमच्यानं? काय राहिलं आता हातात? सांगा ना. मी या घाणीत येऊन बसले, कोणासाठी?"

"माझ्यासाठी, कमल. कळतं मला."

"मग?"

"रविवारी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील मी गिळत होतो. फेब्रुवारीपासून. नुसते ओठ हलवायचो." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. "तू पाचवं इतकं कान देऊन ऐकतेस. चौथं तुला ऐकूच आलं नाही."

कमलाबाई टेबलावरच्या तिसऱ्या पेल्याकडे पाहू लागल्या.

राजानंदांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि पेले गोळा करून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेले. पारख झाली की पेले पारख्यानेच धुवायचे, अशी तिथली रीत होती. साबण लावायचा नाही. गरम पाणी, पुन्हा गरम पाणी, आणि मग नाकाशी धरून बघायचे, मागचा वास राहिला तर नाही ना.

त्यांनी पहिला पेला विसळला. उजेडात धरला, नाकाशी नेला, क्षणभर थांबले आणि कापडावर पालथा घातला. दुसरा विसळला. नाकाशी नेला. थांबले. पालथा घातला. हाताला सवय होती, हात करत होता. वरून बोलण्याचे आवाज येत होते, कोणीतरी दार ओढून घेतले आणि तेही थांबले.

कमलाबाई उठल्या. बेसिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि पुढचा पेला राजानंदांच्या नाकाशी जाण्याआधी त्यांनी हात पुढे केला.

राजानंदांनी पेला दिला. कमलाबाईंनी हुंगला.

"नाही," त्या म्हणाल्या. "राहिलाय अजून."

राजानंदांनी तो पुन्हा नळाखाली धरला.